दूखस डॉट आयई: बदलीच्या पोराच्या गोष्टी शोधायला बसलात तर

आयर्लंडच्या लोकसाहित्याचा मोठा हस्तलिखित संग्रह आज दूखस डॉट आयई या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. पैसे पडत नाहीत, वाचण्यासाठी खातंही उघडावं लागत नाही. 'दूखस' म्हणजे वारसा, वडिलोपार्जित ठेवा, उपजत स्वभावही. डब्लिनच्या विद्यापीठातला राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रह आणि डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीचा आयरिश भाषा विभाग मिळून हे काम चालवतात.

हे परीक्षण एकाच कामापुरतं आहे: चेंजलिंगच्या गोष्टी शोधणं. चेंजलिंग म्हणजे बदलीचं पोर. भल्याचंगल्या माणसाला पळवून नेऊन त्याच्या जागी ठेवलेलं दुसरंच कुणीतरी. या कामासाठी यापेक्षा मोलाची फुकट जागा आमच्या माहितीत नाही. पण शोधपेटीत 'चेंजलिंग' टाकून थांबलात, तर जेमतेम वरची साय हाती लागेल. खालचं सगळं दूध दुसऱ्याच शब्दांखाली आहे, आणि ते कसं काढायचं हे संकेतस्थळ आपणहून सांगत नाही.

आधी आत काय आहे ते पाहू. आयरिश लोकसाहित्य आयोग १९३५ साली स्थापन झाला. जेम्स डेलार्जी त्याचे संचालक आणि शॉन ओ सुलवान संग्रहपाल-नोंदणीकार. १९३७ ते १९३९ या काळात त्यांनी प्राथमिक शाळांमधून एक योजना राबवली. वरच्या वर्गातली, साधारण ११ ते १४ वर्षांची मुलं घरी जाऊन आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारायची आणि निबंधाच्या तासाला ते लिहून काढायची. २६ परगण्यांतल्या सुमारे ५,००० शाळा आणि ५०,०००हून जास्त मुलं यात होती. त्यातून सुमारे ७,४०,००० पानं जमली: ४,५१,००० बांधीव खंडांची आणि २,८८,००० मुलांच्या मूळ वह्यांची. खंड १,१२८ आहेत. आयोगाच्या १९३५ ते १९७० या काळातल्या संग्रहाला २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत जागा मिळाली. आपलं काम मुख्यतः या शालेय खंडांशी आहे.

शिक्षकांना विषयांची एक पुस्तिका दिलेली होती. तिच्यात ५५ विषय: पुरलेलं धन, गावठी औषधं, लोणी घुसळणं, लोहारशाळा, दुष्काळाचे दिवस, परींचे कोट (परी राहतात असं मानलेल्या जुन्या गोल मातीच्या गढ्या), पवित्र विहिरी. बदलीच्या पोराला त्यात वेगळा विषयच नव्हता. त्यामुळे त्या गोष्टी 'परींचे कोट', 'एक जुनी गोष्ट', 'गावठी औषधं', 'लेप्रेकॉन किंवा मत्स्यकन्या' अशा मथळ्यांखाली विखुरल्या आहेत. संकेतस्थळाच्या विषयसूचीत 'अलौकिक आणि आख्यायिकांमधल्या व्यक्ती' असा एक मोठा गट आहे. पण त्यात हजारो नोंदी आहेत आणि बॅनशी (कुणाच्या मरणाआधी रडणारी बाई), भुतं, समुद्रकन्या सगळे एकत्र कोंबलेले आहेत. सूचीवर विसंबू नका, मजकुरातच शोधा.

शब्दांची अडचण त्याहून खोल आहे. ज्या गावांत या गोष्टी सांगितल्या गेल्या तिथे 'परी' हा शब्द सहसा तोंडातून काढत नसत. आपल्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, 'लांबडं' म्हणतात, तसंच. आयरिशमध्ये 'दीना माहा', म्हणजे भले लोक. इंग्रजीत 'गुड पीपल', 'जेन्ट्री', उत्तरेकडे 'वी फोक'. परी म्हटलं की डोळ्यांसमोर येणारी पंखवाली बाहुली इथे विसरायची. हे लोक माणसासारखेच शेती करतात, हर्लिंगचे (काठी-चेंडूच्या आयरिश खेळाचे) सामने खेळतात, लग्नं लावतात, गावालगतच्या गोल मातीच्या कोटात राहतात. त्यांना उणीव असते ती दूधवाल्या आईची, तान्ह्या मुलाची आणि देखण्या तरुणांची. म्हणून उचलली जातात ती बाप्तिस्मा न झालेली बाळं आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका. मागे उरतो तो त्यांच्यातलाच एखादा कुरकुरा म्हातारा, नाहीतर माणसासारखा दिसणारा लाकडाचा ओंडका.

म्हणून शोधपेटीत पहिल्यांदा हे टाकून पाहा: 'फेअरी चाइल्ड', 'इन इट्स प्लेस', 'टेकन', 'अवे', 'स्वेप्ट'. 'ती अवे होती' या तीन शब्दांत अख्खी कथा मावते, कारण तिथे 'अवे' म्हणजे बाहेरगावी नव्हे, भल्या लोकांकडे. 'चेंजलिंग'चं मुलांनी केलेलं चुकीचं स्पेलिंगही शोधा, मधला 'ई' गाळून. लिप्यंतर मुळाबरहुकूम असतं, त्यामुळे चूकही तशीच राहते आणि बरोबर स्पेलिंगच्या शोधात ती सापडत नाही.

यापेक्षाही खात्रीची वाट म्हणजे वस्तूंची. या गोष्टींचा साचा पक्का असतो, आणि साच्यातल्या वस्तू कुठलंही मूल गाळत नाही. पोराचं नाव विसरेल, पण चिमटा विसरणार नाही.

शिंप्याची गोष्ट घ्या, आयर्लंडभर सापडणारी. घरोघरी फिरून कपडे शिवणारा शिंपी टेबलावर मांडी घालून बसलेला आहे. आई पाण्याला किंवा बाजाराला जाते. पाळण्यातलं पोर महिनोन्महिने नुसतं रडतंय, हाताला लागेल ते खातंय आणि अंगाला काही लागत नाही, चेहरा म्हाताऱ्यासारखा. आईची पाठ वळताच ते उठून बसतं, शिंप्याकडे थोडी दारू मागतं, आणि पाळण्यातल्या गवतातून पाइप हे वाद्य काढून, नाहीतर ओटच्या काडीचीच पुंगी करून असं काही वाजवतं की शिंप्याचा दोरा थांबतो. आईची चाहूल लागली की पुन्हा रडं. शिंपी आईला बाजूला घेऊन सांगतो. मग फावडं चुलीत लाल होईपर्यंत तापवतात आणि पोराला ऐकू जाईल अशा आवाजात त्याचं काय करणार ते बोलतात. पोर किंचाळून धुराड्यातून नाहीतर दारातून पळतं, आणि वळून पाहावं तो खरं मूल पाळण्यात असतं. हे शोधायला 'टेलर' आणि 'क्रेडल' हे दोन शब्द पुरतात. नुसतं 'टेलर' टाकलंत तर गावातल्या जुन्या कारागिरांची यादी येईल. 'क्रेडल'ने चाळणी लागते.

दुसरा साचा अंड्याच्या टरफलांचा. अंडी फोडून आतलं टाकून द्यायचं, टरफलं जपायची. त्यांत पाणी भरून चुलीपुढे मांडायची आणि अगदी गंभीर चेहऱ्याने बिअर गाळायला बसायचं. बदलीचं पोर न राहवून बोलतं: एवढी शेकडो वर्षं जगलो, पण टरफलात दारू गाळताना कुणाला पाहिलं नाही. वय बाहेर पडलं की सोंग संपलं. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या एका लोहाराच्या गोष्टीत तो आकडा आठशे वर्षांचा आहे, आणि तिथे बदललेला मुलगा तान्हा नसून चौदा वर्षांचा आहे. लोककथांच्या वर्गीकरणात चेंजलिंगच्या आख्यायिकेला ५०८५ हा क्रमांक आहे. अभ्यासाच्या लेखांत तो भेटेल, पण शालेय खंडांवर कुणी तो चिकटवलेला नाही, त्यामुळे शोधपेटीत त्याचा उपयोग शून्य. टरफलांच्या गोष्टीबाबत एक सावधगिरी हवी. ती १८२५पासून छापील पुस्तकांत आहे. त्यामुळे शाळकरी मुलाने लिहिलेली प्रत आजीच्या तोंडून आली की वाचनातून, हे तपासावं लागतं. सांगणाऱ्याचं नाव नाही, गावाचं नाव नाही, भाषा गुळगुळीत, असं असेल तर ती छापील वाटेने आली असण्याची शक्यता धरा.

बाकीच्या वस्तू: चिमटा, फावडं, फॉक्सग्लव्ह (एक विषारी फुलझाड), मीठ, लाल दोरा. चिमटा पाळण्यावर आडवा ठेवतात, आई खोलीबाहेर जाताना. लोखंडापुढे भल्या लोकांचं चालत नाही. बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पण 'टंग्ज' शोधलंत की लोणी घुसळण्याची पानंही धो धो येतात, कारण लोणी चोरीला जाऊ नये म्हणून रवीच्या पिंपाखालीही चिमटा ठेवत. 'शवल'ने बटाट्याची शेती येते. 'फॉक्सग्लव्ह'ने औषधांची पानं येतात. 'पेटीकोट' हाही शब्द टाकून पाहण्यासारखा आहे: गॉलवेच्या किनाऱ्यावर आणि ॲरन बेटांवर मुलगे बरेच मोठे होईपर्यंत घागऱ्यात असत, आणि लोक कारण सांगत की भले लोक मुलगे उचलतात, मुली नाही. मुलग्याचं नाक टोचून त्याला नथू म्हणणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल.

नोंद उघडली की वर हस्तलिखिताच्या पानाचं छायाचित्र आणि लिप्यंतर, खाली माहिती: लिहिणारं मूल, सांगणारी व्यक्ती, वय दिलं असेल तर वय, पत्ता, शाळा, शिक्षक, भाषा. गावाचं नाव आयर्लंडच्या अधिकृत स्थळनाम-कोशाशी जोडलेलं असतं, त्यामुळे नकाशावर थेट उतरता येतं. या सेवेची सगळ्यात मोठी ताकद आम्हाला इथेच दिसते. पुस्तकात चेंजलिंगची गोष्ट 'एकदा एका गावात' घडते. इथे ती अमुक वाडीत, अमुक कोटाच्या शेजारच्या घरात घडलेली असते आणि सांगणारा ७५ वर्षांचा असतो. १९३८ साली ७५ म्हणजे जन्म १८६३च्या आसपास, आणि त्याने ती आपल्या आजीकडून ऐकली असेल तर गोष्ट १८४५च्या महादुष्काळाच्या मागे जाते. हा हिशेब प्रत्येक नोंदीवर करावा. वयाचा रकाना रिकामा असेल तर पानाचं छायाचित्र मोठं करून शेवटच्या ओळी पाहा. मुलं बरेचदा नाव-गाव-वय तिथे लिहितात.

छायाचित्र पाहण्याचं आणखी एक कारण आहे. बांधीव खंडात आलेला मजकूर शिक्षकाने निवडलेला असतो आणि पुष्कळदा नीट अक्षरात उतरवून काढलेला असतो. त्याच शाळेच्या मूळ वह्या उपलब्ध असतील तर दोन्ही समोरासमोर ठेवा. बोलीभाषेतलं वाक्य 'शुद्ध' झालेलं, एखादा परिच्छेद गळालेला, असे फरक तिथेच पकडता येतात.

आयरिश पानांकडे वळलात तर वाट चढणीची आहे. बदलीच्या पोराला तिथे दोन शब्द मुख्य: 'इअरलिश' (आय, ए, आर, एल, ए, आय, एस) आणि 'शीफ्रा' (एस, आय, ओ, एफ, आर, ए, 'आय'वर फादा, म्हणजे दीर्घत्वाची तिरकी रेघ). स्कॉटिश गेलिकमध्ये 'ताखरन' असाही शब्द आहे. फादासह आणि फादाशिवाय, दोन्ही करून पाहा. मुलांनी लिहिलं ते शुद्धलेखन-सुधारणेच्या आधीचं. आज 'शी' (परी) हा शब्द दोन अक्षरांत लिहितात, तेव्हा त्यात मुका 'डी-एच' असायचा. शिवाय आयरिश शब्दाचं पहिलं अक्षरच व्याकरणानुसार बदलतं, 'एस'च्या नंतर 'एच' येतो किंवा आधी 'टी' बसतो. एका शब्दाची चार-पाच रूपं कागदावर लिहून घेऊन एकेक टाकणं हाच उपाय.

लिपीही जुनी गेलिक. अक्षरावरचा टिंब म्हणजे त्या अक्षरानंतरचा 'एच'. आणि या लिपीत 'आर' आणि 'एस' इतके सारखे दिसतात की घाईच्या अक्षरात 'री' म्हणजे राजा आणि 'शी' म्हणजे परी यांत फक्त एका दांडीच्या वळणाचा फरक उरतो. ऐन चेंजलिंगच्या गोष्टीत हा फरक सगळा अर्थ फिरवतो. लिप्यंतर संशयास्पद वाटलं तर त्याच हातचा दुसरा नक्की वाचता येणारा 'आर' शोधा आणि ताडून पाहा.

आता एक गोष्ट, जी संकेतस्थळ नोंदींच्या शेजारी सांगत नाही आणि जी माहीत असल्याशिवाय ही पानं वाचू नयेत. फावडं, आग, पाणी आणि फॉक्सग्लव्ह हे गोष्टीतलं सामान खऱ्या माणसांवर वापरलं गेलं आहे. १८२६ साली केरी परगण्यात मायकेल लेही नावाचा चार वर्षांचा मुलगा, ज्याला उभं राहता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, त्याला ॲन रोश या म्हाताऱ्या बाईने फ्लेस्क नदीत बुडवलं. त्याच्यातली परी घालवायची होती म्हणे. मूल मेलं, न्यायालयात ती निर्दोष सुटली. १८८४ साली क्लॉनमेलमध्ये तीन वर्षांच्या मुलाला तापलेल्या फावड्यावर ठेवल्याबद्दल दोघी पकडल्या गेल्या. आणि मार्च १८९५मध्ये टिपररीतल्या बॅलीव्हॅडली इथे ब्रिजेट क्लिअरी. शिवणकाम करून स्वतःचे पैसे कमावणारी, विशीतली बाई. आजारी पडली, आणि तिचा नवरा मायकेल, धंद्याने पिंपं घडवणारा, म्हणू लागला की ही माझी बायकोच नाही. जडीबुटी दुधात उकळून जबरदस्तीने पाजली, आगीजवळ धरून तिचं नाव तीन-तीनदा विचारलं, आणि शेवटी नवऱ्याने तिला जाळलं. घरात तिचे नातेवाईक होते. मृतदेह २२ मार्चला उथळ खड्ड्यात सापडला. मधल्या दिवसांत नवरा कायलनाग्रानाच्या कोटावर रात्री वाट पाहत होता, खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल म्हणून. सदोष मनुष्यवधासाठी त्याला २० वर्षांची शिक्षा झाली, १९१०मध्ये तो सुटला.

शालेय योजनेत गोष्टी सांगणारे साठी-सत्तरीतले लोक १८९५ साली तरुण होते. म्हणून 'मग ते पोर धुराड्यातून उडून गेलं' असं वाक्य आलं की थांबा, आणि त्याआधी त्या पोराचं वर्णन काय केलंय ते पुन्हा वाचा: वाढ खुंटलेली, मान न धरणारं, सतत भुकेलं, न बोलणारं. बहुतेक वर्णनं आजारी किंवा अपंग मुलाची आहेत. फॉक्सग्लव्हबद्दलही स्पष्ट सांगायला हवं: त्या झाडाच्या पानांत हृदयाचे ठोके बिघडवणारं विष असतं, त्याच झाडापासून डिजिटॅलिस हे औषध काढलं गेलं. 'पानांचा रस पाजला आणि पोर गेलं' ही ओळ अक्षरशः खरी असू शकते. अभ्यासक हे जाणतात, पण शाळेतल्या प्रकल्पासाठी ही पानं उघडणाऱ्या मुलाला कोण सांगणार? प्रत्येक नोंदीला नाही, तरी या विषयाच्या सूचीपानावर चार ओळींची टीप असायला हवी.

मर्यादा आणखीही आहेत. उत्तर आयर्लंडचे सहा परगणे या योजनेत नव्हते, त्यामुळे अँट्रिम किंवा टायरोनमधली गोष्ट इथे शोधू नका. डब्लिन, कॉर्क, लिमरिक, वॉटरफर्ड या शहरांतल्या शाळांना सूट होती. आणि मुलाला सांगितलेली गोष्ट मुलाला सांगण्यासारखीच असते. बाळंतपण, वांझपण, नवरा-बायकोची भांडणं इथे पातळ झालेली दिसतात. ते हवं असेल तर संकेतस्थळाच्या मुख्य हस्तलिखित विभागात जा. तिथे आयोगाच्या पगारी संग्राहकांनी एडिफोनच्या मेणाच्या नळ्यांवर ध्वनिमुद्रण करून शब्दन्‌शब्द उतरवलेली सलग कथनं आहेत, बहुतांशी आयरिशमध्ये. मजकूर उतरवून झाला की नळी तासून पुन्हा वापरायचे, त्यामुळे आवाज मात्र हरवला.

आवाज हवा असेल तर स्कॉटलंडचं 'तोबर अन दुअलखस' उघडा, तेही फुकट. तिथे स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज, बीबीसी आणि कॅना बेटावरच्या संग्रहाची ध्वनिमुद्रणं आहेत, प्रत्येकाला थोडक्यात सारांश जोडलेला. पण पूर्ण मजकूर क्वचितच मिळतो, म्हणून गेलिक कानाने समजत नसेल तर सारांशावरच भागवावं लागतं. वस्तूंवरून शोधायची युक्ती तिथे अपुरी पडते, कारण चिमटा सारांशात येईलच असं नाही. चेंजलिंगसाठी आम्ही दूखसच आधी उघडायला सांगू.

दुवा जपताना एक किरकोळ अडचण येते: पत्त्यात फादा असल्याने काही ब्राउझरमधून तो चिकटवला की 'एक्सएन' ने सुरू होणारी अगम्य अक्षरं दिसतात. फादाशिवायचा पत्ता वापरा, तोही चालतो. त्यासोबत खंड क्रमांक आणि पान क्रमांक लिहून ठेवाच. मजकूर बिगर-व्यावसायिक वापराला, श्रेय देऊन, मोकळा आहे.

शेवटी ज्या पानांना लिप्यंतर नाही त्यांचं काय? ती शोधात येतच नाहीत. त्यासाठी 'मेहल' नावाचा उपक्रम आहे. मेहल म्हणजे सुगीला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमेकांच्या शेतात फुकट राबणं, म्हणजे आपलं इर्जिक. नाव नोंदवायचं, पान निवडायचं, जसं लिहिलंय तसंच टंकायचं, स्पेलिंग सुधारायचं नाही. पण आयरिश येत नसताना आयरिश पानांना हात घालू नका. 'री' की 'शी' हे ठरवायला अक्षर ओळखता येऊन भागत नाही, पुढचं वाक्य कळावं लागतं.